अमृत कुणासाठी घ्यायचं?

पत्र : माझी मुलगी २८ वर्षांची आहे, पुण्यात नोकरी करते. तिचं लग्न नांदेडच्या एका शीख कुटुंबातल्या मुलाशी ठरलं आहे. मुलगा चांगला आहे, घरात सगळे आपल्यासारखंच मराठी बोलतात. त्याची आई अमृतधारी आहे. मुलगा केस राखतो, पगडी बांधतो, पण त्याने अजून अमृत घेतलेलं नाही. येत्या वैशाखीला घेणार आहे. परवा त्याच्या आई माझ्या मुलीला म्हणाल्या, ‘दोघं मिळूनच अमृत छका, संसाराची सुरुवात चांगली होईल.’ मुलगी ‘विचार करते’ म्हणून घरी आली. मी इंटरनेटवर शोधलं तर ‘कुलनाश’ असा शब्द दिसला. अमृत घेतल्यावर आईवडीलही बदलतात, असं वाचलं. तेव्हापासून मला झोप नाही. हा संन्यास आहे का? ती आमची राहील का? माझ्या हातचं जेवेल का? माझे दीर विचारतात, ‘शिखांमध्ये ते कोणते? जात काय?’ त्यांना काय सांगू? मी तिला अडवावं का?
– एक आई, सातारा

ताई,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मुलीला अडवू नका. पण लग्न ठरलंय म्हणून, सासूबाईंना बरं वाटावं म्हणून किंवा नवरा घेतोय म्हणून ती अमृत घ्यायला, म्हणजे खालसाची दीक्षा घ्यायला, निघाली असेल, तर तिला थांबायला जरूर सांगा. तुम्हाला यात विसंगती वाटेल. पण खालसा, म्हणजे अमृत घेतलेल्या शिखांचा समुदाय, कसा उभा राहिला हे नीट पाहिलं, की या दोन्ही गोष्टी मी एकाच कारणासाठी सांगतेय हे लक्षात येईल. म्हणून आज जरा मागे जाऊन सांगते.

पहिलं म्हणजे हा संन्यास नाही. गुरू नानक संसारी होते. ज्यांनी खालसा स्थापला त्या गुरू गोविंदसिंगांना चार मुलगे होते. घरदार सोडून रानात जाण्याला या परंपरेने मोठेपणा दिला नाही. कष्टाने कमवावं, वाटून खावं आणि नाम घ्यावं, हीच शिकवण आहे. अमृतधारी माणूस नोकरी करतो, शेती करतो, ट्रक चालवतो, मुलांच्या शाळेची फी भरतो. तुमच्या होणाऱ्या विहीणबाई हे सगळं करतच असतील.

दुसरं, शीख असणं आणि खालसा असणं यात फरक आहे, आणि तुमची अर्धी भीती तो माहीत नसल्यामुळे आहे. तुमच्या साताऱ्याकडे गावोगाव माळकरी आहेत. विठ्ठलाला मानणारे सगळेच माळ घालत नाहीत. जो घालतो त्याचा मांस-मद्य सोडण्याचा, एकादशीचा, वारीचा नेम सुरू होतो. माळकऱ्याच्या पोटी जन्मलं किंवा माळकऱ्याशी लग्न केलं म्हणून कुणी आपोआप माळकरी होत नाही. अमृत घेणंही असंच स्वतःहून पत्करायचं असतं. शिखांमध्ये केस राखणारे पण अमृत न घेतलेले केशधारी आहेत, केस न राखता गुरूंना मानणारे सहजधारी आहेत, आणि अमृत घेतलेले अमृतधारी आहेत. तुमचे जावई आजवर केशधारी म्हणूनच वाढले आणि त्यांना कुणी घराबाहेर काढलं नाही. माळकऱ्याशी साम्य मात्र इथेच संपतं. माळ ही एकट्याची असते. खालसा ही एकट्याची साधना आहेच, शिवाय एक संघटित समुदाय आहे. त्याची शिस्त आहे, त्याची खूण अंगावर दिसते आणि निर्णय घेण्याचा अधिकार त्याच्या स्वतःकडे आहे.

‘खालसा’ हा शब्द तुम्हाला परका नाही. १८४८ मध्ये इंग्रजांनी सातारा संस्थान खालसा केलं, हे आपण शाळेत वाचलं. मोगलांच्या महसुली भाषेत खालसा जमीन म्हणजे ज्या जमिनीवर मध्ये कुणी जहागीरदार नाही, जिचा सारा थेट बादशहाच्या खजिन्यात जातो ती. ‘शुद्ध, निर्भेळ’ हा अर्थ तर आहेच. संत कबीरांच्या ज्या ओळी गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यांत ‘कहु कबीर जन भए खालसे प्रेम भगति जिह जानी’ अशी एक ओळ येते. पण इतिहास समजायला तो जमिनीचा अर्थ जास्त उपयोगी पडतो. गुरू रामदास, गुरू अर्जुन यांच्या काळात ठिकठिकाणच्या संगतींवर, म्हणजे शीख भाविकांच्या मंडळ्यांवर, मसंद नावाचे प्रतिनिधी नेमले जाऊ लागले. ते उपदेश करत, भाविकांचं दान गोळा करून गुरूंकडे पोहोचवत. काही पिढ्यांनंतर त्यातले बरेच मसंद स्वतःच गुरूसारखे मिरवू लागले, दान मधल्या मध्ये जिरवू लागले. गुरू गोविंदसिंगांनी ही पद्धतच मोडली. संगतींना कळवलं, मसंदांना मानू नका, माझ्याशी थेट नातं ठेवा. अशा थेट जोडलेल्या संगतींना खालसा म्हणण्याची पद्धत १६९९ च्या आधीच्या हुकूमनाम्यांत, म्हणजे गुरूंच्या आज्ञापत्रांतही सापडते.

मध्ये कुणी नाही. ताई, एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचा.

पाठीमागे एक मोठी जखम होती. १६७५ मध्ये नववे गुरू तेगबहादूर यांचा दिल्लीच्या चांदणी चौकात शिरच्छेद झाला. गुरू गोविंदसिंग तेव्हा नऊ वर्षांचे होते. परंपरा सांगते, की त्या दिवशी दिल्लीत शीख होते, पण पुढे येऊन ‘आम्ही त्यांचे’ म्हणायचं धाडस फारसं कुणाला झालं नाही. भाई जैता नावाचे एक शीख, ज्यांच्या जातीला तेव्हा अस्पृश्य मानलं जाई, ते शीर घेऊन आनंदपूरला पोहोचले. गर्दीत लपता येणार नाही असा शीख घडवायचा, ही गरज इथून आली असं अनेकजण मानतात. मलाही ते पटतं.

मग १६९९ ची वैशाखी. आनंदपूर साहिब, आज जिथे तख्त केशगढ साहिब आहे ती टेकडी. दूरदूरची संगत जमलेली. गुरू हातात तलवार घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, मला एक डोकं हवंय. सगळे गप्प. मग लाहोरचे दयाराम उठले. गुरू त्यांना तंबूत घेऊन गेले, बाहेर आले तेव्हा तलवारीला रक्त होतं, आणि पुन्हा तीच मागणी. हस्तिनापूरचे धरमदास उठले. मग जगन्नाथपुरीचे हिंमतराय, द्वारकेचे मोहकमचंद, आणि पाचवे साहिबचंद, बिदरचे. बिदर म्हणजे लातूर-नांदेडला लागून असलेलं बिदर. तंबूत नेमकं काय घडलं, बोकड कापले की काय, यावर पुष्कळ वाद आहेत, आणि एवढं तपशीलवार वर्णन करणारे ग्रंथ त्या घटनेनंतरचे आहेत. त्या वादात मी पडत नाही. पाच जण आपण होऊन उठले, कुणी कुणाला ढकललं नाही, कुणी दुसऱ्याच्या वतीने हात वर केला नाही, हे सगळ्या कथनांत आहे.

त्याआधी शीख दीक्षा घेत ती चरणपाहुल. गुरूंच्या पायाचा स्पर्श झालेलं पाणी प्यायचं. मसंदही तसं पाणी देऊ लागले होते. त्या वैशाखीला पाय गेले आणि खंडा आला. लोखंडी बाट्यात, म्हणजे वाडग्यात, पाणी, त्यात खंडा म्हणजे दुधारी तलवार फिरवत गुरूंची वाणी म्हटली, आणि माता जीतोंनी त्यात बत्तासे टाकले असं परंपरा सांगते. ते अमृत पाचही जणांनी एकाच बाट्यातून घेतलं आणि नावापुढे सिंघ आलं. यानंतर जे घडलं ते मला साऱ्या प्रसंगात सगळ्यांत मोठं वाटतं. गुरूंनी त्या पाच जणांसमोर हात जोडले आणि म्हणाले, आता मला द्या. गोविंदराय त्या दिवशी आपल्याच शिष्यांकडून अमृत घेऊन गोविंदसिंग झाले. ‘वाहु वाहु गोबिंद सिंघ आपे गुर चेला’, स्वतःच गुरू आणि स्वतःच चेला, असं दुसऱ्या भाई गुरदासांनी म्हटलं आहे ते यामुळे. पुढे चमकौरच्या गढीत वेढा पडला तेव्हा पाच शिखांनी गुरूंना बाहेर पडण्याची आज्ञा केली आणि गुरूंनी ती पाळली. आजही अमृत देतात ते पाच अमृतधारी, गुरू ग्रंथसाहिबांच्या उपस्थितीत. ते पाच पुरुष असोत की स्त्रिया. कोणी महाराज लागत नाही, पुरोहित लागत नाही.

आता तुमची झोप उडवणारा शब्द. कुलनाश हा एकटा नाही, त्याच्यासोबत आणखी चार आहेत : कृतनाश, धर्मनाश, कर्मनाश, भ्रमनाश. कृतनाश म्हणजे धंद्यावरून चिकटलेला हलकेपणा गेला; न्हावी, शिंपी, पाणक्या, जो काय होतास तो डाग आता नाही. कुलनाश म्हणजे कुळाचा अभिमान आणि कुळाची लाज, दोन्ही गेलं. धर्मनाश म्हणजे जुन्या पंथाचं बंधन संपलं, कर्मनाश म्हणजे जुन्या कर्मकांडाचं, आणि भ्रमनाश म्हणजे शकुन-अपशकुन, मुहूर्त, ग्रहण यांची भीती. कुळातली माणसं तोडा असं यात कुठेही नाही. त्या पाचांतले साहिबसिंग जन्माने न्हावी होते, हिंमतसिंग पाणी भरणाऱ्या झीवर जातीचे. त्यांच्यासाठी कुलनाश ही सुटका होती. तुम्हाला तो शब्द ऐकून धडकी भरली, कारण आपल्या कुळाने आपल्याला छळलेलं नाही.

आईवडील बदलण्याचं म्हणाल, तर हो, अमृत देताना असं सांगतात : आजपासून तुझे वडील गुरू गोविंदसिंग, आई माता साहिब कौर, जन्म केशगढ साहिबचा आणि वास आनंदपूर साहिबचा. ऐकायला आईला लागतं, मला कळतं. पण हे का सांगतात ते पाहा. त्या दिवशी रांगेत बसलेल्या सगळ्यांना हेच आईवडील मिळतात, म्हणून ती सगळी एकमेकांची भावंडं होतात. माता साहिब कौर यांना पोटचं मूल नव्हतं. सारा खालसा त्यांच्या ओटीत घातला असं मानतात. त्या गुरूंबरोबर नांदेडला आल्या होत्या, गोदावरीकाठी त्यांच्या नावाचा गुरुद्वारा आहे. मुलीच्या आधार कार्डावर, तिच्या लग्नपत्रिकेवर आणि तिच्या मनात आई तुम्हीच राहता. अमृतधारी मुलगी आईच्या आजारपणात दवाखान्यात बसते, बापाला खांदा देते. तिला कुणी अडवत नाही.

दिरांना काय सांगायचं? अमृतधारी माणसाला जात विचारू नये, एवढंच सांगा. ते हसले तर त्यांना १२ ऑक्टोबर १९२० ची गोष्ट सांगा. ज्यांना अस्पृश्य मानलं जाई अशा काही जणांनी अमृतसरला जालियनवाला बागेत अमृत घेतलं आणि कडाह प्रशाद, म्हणजे शिऱ्याचा प्रसाद, घेऊन ते दरबार साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात गेले. तिथल्या पुजाऱ्यांनी तो प्रशाद स्वीकारायला नकार दिला. वाद वाढला तेव्हा ठरलं, गुरू ग्रंथसाहिब उघडू आणि जी वाणी निघेल ती मानू. गुणहीनांनाही तो स्वतःच क्षमा करून आपलंसं करतो, अशा अर्थाची वाणी निघाली, आणि प्रशाद स्वीकारावा लागला. गुरुद्वारे महंतांच्या हातून सोडवण्याच्या चळवळीला त्याच काळात जोर चढला आणि १९२५ मध्ये गुरुद्वारा कायदा झाला. आपले बाबासाहेब १९३६ च्या एप्रिलमध्ये अमृतसरला शीख परिषदेला गेले होते, तेही या समतेचा शोध घेत.

पण तुम्हाला अर्धंच चित्र दाखवणार नाही. जात तिथूनही गेलेली नाही. पंजाबातल्या कित्येक गावांत मजहबी, म्हणजे पूर्वी अस्पृश्य मानलेल्या जातीतल्या, शिखांचा गुरुद्वारा वेगळा, स्मशान वेगळं आहे, आणि लग्नाच्या जाहिरातींत जात लिहिलेली असते. १६९९ मध्ये एका बाट्यातून पाणी पिणाऱ्यांनी जे नाकारलं, ते त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पेलवलं नाही. याची मला मनापासून खंत वाटते. तुमच्या दिरांचा प्रश्न त्या घरातही कुणी विचारत असेल, तुमच्याबद्दल. दोन्हीकडचा तो प्रश्न तुम्ही आणि विहीणबाईंनी मिळून बंद करावा असं मला वाटतं.

आता रोजच्या जगण्यात काय बदलेल, ते स्पष्ट सांगते. मुलीलाही हे वाचायला द्या. केस कापायचे नाहीत, आणि केस म्हणजे डोक्यावरचेच नाहीत. भुवया कोरणं, वॅक्सिंग, सगळं बंद. २८ वर्षांच्या पुण्यातल्या मुलीसाठी ही लहान गोष्ट नाही. कंगवा, कडं, कचेरा म्हणजे खास शिवलेली चड्डी आणि कृपाण सदैव अंगावर. केसांसकट हे पाच ककार. दागिन्यांसाठी नाक-कान टोचायला रहितमर्यादेत, म्हणजे शिखांच्या आचारनियमांत, मनाई आहे. चार गोष्टी तर मोठा अपराध मानतात, त्यांना कुरहित म्हणतात : केस कापणं, हलाल पद्धतीचं मांस खाणं, परपुरुष किंवा परस्त्रीशी संबंध आणि तंबाखू. दारू आणि इतर नशाही वर्ज्य. पहाटे उठून स्नान करून जपजी, जाप आणि सवय्ये, संध्याकाळी रहिरास, झोपताना सोहिला, हा नितनेम. कमाईचा दहावा हिस्सा गुरूच्या कामासाठी.

तुमच्या घरापुरतं पाहिलं, तर गौरी-गणपतीला ती येईल, तुमच्याशी गप्पा मारेल, पण पूजेला बसणार नाही. सत्यनारायण, एकादशीचा उपास, श्राद्ध, पत्रिका-मुहूर्त यांत तिचा सहभाग नसेल. तुम्हाला याचं वाईट वाटेल आणि ते खरंखुरं वाईट वाटणं असेल. ‘काही बदलत नाही’ असं कुणी समजूत घालायला आलं तर त्यावर विसंबू नका. तरी तिथे सगळंच अनोळखी असेल असंही नाही. ज्या ग्रंथापुढे ती मस्तक टेकवेल त्यात आपल्या नामदेवांची ६१ पदं आहेत.

जेवणाचं. बहुतेक अमृतधारी माणसं कुणाच्याही घरी सात्त्विक जेवण आनंदाने जेवतात. पण काहीजण कडक बिबेक पाळतात, म्हणजे अमृतधारी व्यक्तीने शिजवलेलंच खातात, काही तर लोखंडी भांड्यातलंच. उष्टं खाण्याबद्दलही नियम आहे, एका ताटात जेवणं अमृतधारी मंडळी बाहेर सहसा टाळतात. वेगवेगळ्या जथ्यांच्या रीतीही वेगळ्या. अखंड कीर्तनी जथ्यात स्त्रियाही केसकी म्हणजे लहान पगडी बांधतात आणि तिला पाच ककारांत मोजतात. हजूर साहिबची, म्हणजे नांदेडच्या मुख्य गुरुद्वाऱ्याची, स्वतःची जुनी मर्यादा आहे, तिथे गुरू ग्रंथसाहिबांबरोबर गुरू गोविंदसिंगांच्या नावाचा दसम ग्रंथही उघडून मांडतात. शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समितीने १९४५ मध्ये मान्य केलेली रहितमर्यादा ही सर्वसाधारण चौकट आहे, पण घराघरात तिच्या पुढे-मागे रीती असतात. म्हणून विहीणबाईंना सरळ विचारा : तुमच्या घरची रीत कोणती? माझी लेक माझ्याकडे जेवेल ना? आईने हे विचारण्यात त्यांना वावगं वाटणार नाही.

कृपाणीची काळजी मुलीला ऑफिसमुळे वाटेल. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाच्या स्पष्टीकरणातच कृपाण धारण करणं हा शीख धर्माचरणाचा भाग म्हटलं आहे. देशांतर्गत विमानात पात सहा इंचांपर्यंत आणि एकूण लांबी नऊ इंचांपर्यंत असेल तर ती जवळ ठेवता येते. परदेशी विमानप्रवासात ती सामानात द्यावी लागते. कामासाठी परदेशी जावं लागत असेल तर हे आधी ठाऊक असलेलं बरं.

हे सगळं वाचून ‘बायकांसाठी एवढं कशाला?’ असं कुणी म्हणेल. अमृत स्त्री-पुरुष दोघांना तेच आहे. माई भागो यांनी १७०५ मध्ये मुक्तसरच्या लढाईत, गुरूंना सोडून गेलेल्या चाळीस जणांना परत आणून लढाई केली. त्याही पुढे नांदेडला आल्या. हजूर साहिबच्या आवारात त्यांचा बुंगा, म्हणजे निवासाची वास्तू, आहे. मुलीला तो आवर्जून दाखवा.

आता विहीणबाईंच्या त्या वाक्याकडे येते. त्यांच्यावर रागावू नका. अमृतधारी शिखाने पत्नीलाही अमृत द्यावं अशी अपेक्षा रहितमर्यादेतच आहे, तेव्हा त्या मनाचं काही सांगत नाहीत. ज्या गोष्टीने त्यांचं आयुष्य सावरलं ती सुनेलाही मिळावी, इतकं साधं ते असू शकतं. पण त्याच मर्यादेत अमृतसंचाराचा विधी दिला आहे, आणि त्यात काय आहे ते पाहा. उमेदवार स्नान करून, पाचही ककार धारण करून हात जोडून उभे राहतात. अमृत देणाऱ्या पाच जणांना पाच प्यारे म्हणतात, त्यांच्यापैकी एकजण शिखीची तत्त्वं समजावतो : एका अकाल पुरुखाची उपासना, गुरूंची वाणी, सेवा, रहित. मग प्रत्येकाला विचारतो, हे तुम्हाला स्वखुशीने मान्य आहे का? होकार आल्यानंतरच अरदास म्हणजे प्रार्थना होते आणि बाट्यात खंडा फिरू लागतो. मग पाच ओंजळी पिण्यासाठी, पाच वेळा डोळ्यांवर, पाच वेळा केसांवर, आणि दरवेळी ‘वाहेगुरूजी का खालसा, वाहेगुरूजी की फतेह’.

त्या ‘स्वखुशीने?’ला तुमची मुलगी काय उत्तर देणार, हा सगळ्याचा गाभा आहे. तिथे नवऱ्याच्या वतीने उत्तर देता येत नाही, सासूच्या वतीने नाही, आणि ताई, आईच्या भीतीपोटी नकारही देता येत नाही. गुरूंनी मसंद काढून टाकले ते शीख आणि गुरू यांच्यामध्ये कुणी उभं राहू नये म्हणून. उद्या कुणी सून घरात टिकावी म्हणून तिला अमृत घ्यायला लावलं, तर त्या मधल्या जागेवर पुन्हा माणूस उभा राहिला. विहीणबाई श्रद्धेच्या आहेत, त्यांना हे असं सांगितलं तर पटेल. आणि तुम्ही ‘माझ्या जिवाखातर घेऊ नकोस’ म्हणालात, तर त्या जागेवर तुम्ही उभ्या राहाल.

मुलीशी बोलताना तिला एकच विचारा : हे लग्न ठरलंच नसतं तरी तू अमृत घेतलं असतंस का? ती लगेच ‘हो’ म्हणाली तर तिच्या मागे उभ्या राहा. ‘माहीत नाही’ म्हणाली तर घाई कशाला? अमृतसंचार फक्त वैशाखीला होत नाही, वर्षभर होत असतो. कितीतरी शीख पन्नाशीत अमृत घेतात, कितीतरी कधीच घेत नाहीत. तिने आधी काही महिने पहाटेचा जपजी म्हणून पाहावा, अर्थ समजून घ्यावा, केसांना कात्री न लावता राहून पाहावं, गुरुद्वाऱ्यात लंगरची सेवा करावी. यासाठी अमृत लागत नाही आणि यातून तिला स्वतःचं मन कळेल. घेतल्यानंतर चुकलं तर? किरकोळ चुकीसाठी पाच प्याऱ्यांपुढे उभं राहून तनखाह म्हणजे सेवेचं प्रायश्चित्त घेता येतं, मोठी कुरहित झाली तर पुन्हा अमृत घेता येतं. परतीची वाट आहे. पण ती आहे म्हणून हलकेपणाने पाऊल टाकायचं नाही, हेही तिला सांगा.

लग्नविधीचं वेगळं ठेवा. आनंद कारज, म्हणजे गुरू रामदासांच्या चार लावांनी, म्हणजे फेऱ्यांच्या पदांनी, होणारं लग्न, यासाठी अमृत घेतलेलं असावं लागत नाही. मात्र वधू-वर दोघंही शीख धर्म मानणारे असावेत असा नियम आहे, आणि गुरुद्वाऱ्यात तसं लिहून मागू शकतात. मुलीला तेवढं मनापासून लिहून देता येत असेल तर प्रश्न नाही. येत नसेल तर खोटं लिहून देऊ नये. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी करता येते, त्यासाठी ३० दिवसांची नोटीस लागते, म्हणून हे आत्ताच ठरवा.

तुम्ही स्वतः एकदा नांदेडला जाऊन या, लग्नाच्या खरेदीसाठी नाही, यासाठीच. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी तिथेच देह ठेवला आणि यापुढे देहधारी गुरू नाही, ग्रंथच गुरू, असं सांगितलं. गुरूंनी औरंगजेबाला लिहिलेलं पत्र १६९९ च्या त्या पाचांपैकी दयासिंग आणि धरमसिंग यांनी अहमदनगरला पोहोचवलं, आणि त्यांचा शेवटही नांदेडलाच झाला. डोक्यावर पदर घ्या, लंगरमध्ये जेवा, आणि तिथल्या ग्रंथींना किंवा एखाद्या वयस्कर अमृतधारी बाईंना तुमचे सगळे प्रश्न विचारा, ‘कुलनाश’सकट. विहीणबाईंना सोबत घ्या. त्यांनी केव्हा अमृत घेतलं, का घेतलं, त्यांच्या आईला तेव्हा काय वाटलं, हे त्यांच्याकडून ऐका.

मुलाला या वैशाखीला अमृत घ्यायचं आहे, तर घेऊ द्या. त्याचा निर्णय तुमच्या मुलीच्या निर्णयाला बांधू नका. आणि तिचं उत्तर ‘आत्ता नाही’ असं आलं, तर ते त्याच्या आईला मुलाने स्वतः सांगावं, तुम्ही किंवा तुमच्या मुलीने नाही. होणारी बायको आणि आई यांच्यात ही गोष्ट तो कशी बोलतो, ते लग्नाआधीच कळलेलं बरं.